ओट्सच्या वड्या : म्हापशातल्या ओव्हनच्या नोंदी

६ एप्रिल २०२५, रविवार

उद्यापासून थोरलीची शाळा. यंदा गोव्यात सहावीपासून वरच्या वर्गांचं वर्ष एप्रिलातच सुरू होतंय, म्हणजे ऐन उकाड्यात डबा भरायचा. नाश्त्याची चिंता नाही. पोदेराचा (पाववाल्याचा) भोंपू वाजला की पोई, म्हणजे कोंड्याचा पाव, घरात येते, कालची भाजी गरम होते, भागतं. अडतं ते मधल्या सुट्टीला. गेले दोन महिने ती दुकानातली ओट्सची वडी नेते. आज वेष्टन उलटं करून वाचलं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. या यादीत ग्लुकोज सिरप दुसरं, साखर चौथी आणि थोडं खाली मध. तीन नावांनी एकच वस्तू. वरच्या चित्रात मात्र नुसत्या लोंब्या.

घरीच करून बघायचं ठरवलं. ही, म्हणजे बायको, सकाळच्या पाळीला कामावर जाते, त्यामुळे डबे तसेही माझ्याकडेच असतात. ओव्हन आहे, साधा पस्तीस लिटरचा, नाताळात केक आणि एरवी पापड ठेवायला वापरतो तो. खाणारी माणसं पाच : थोरली आठवीत, धाकटा चौथीत, ही, मी आणि आई. आईला बारा वर्षं मधुमेह आहे आणि मुलांसारखं ‘बार’ म्हणायला ती तयार नाही. “ताटात थापली, सुरीने कापली, ती वडी.” मान्य. वहीवर वडीच लिहिलंय.

अट एकच ठेवली, पांढरी साखर नाही. एवढ्यावर सगळं सुटेल असं आज तरी वाटतंय.

१३ एप्रिल, घाणा १

ओट्स २५० ग्रॅम, माडाचा गूळ २००, खोबरेल ६० मिलि, काजूचा तुकडा ८०, चिमूट मीठ.

ओट्सबद्दल आधी. दुकानात दोन जाती दिसतात आणि पाकिटावर त्यांची नावं काहीही असोत, आपल्या भाषेत त्या जाड पोहे आणि पातळ पोहे आहेत. करणीही तशीच. जईचा, म्हणजे ओट्सचा, दाणा सोलून वाफवायचा आणि रुळाखाली चेपायचा. वाफवणं नुसतं मऊ करायला नसतं. जईत चरबी इतर धान्यांपेक्षा जास्त असते आणि ती फोडणारं विकरही (एन्झाइम) दाण्यातच असतं. वाफेने ते मरतं, नाहीतर पीठ थोड्याच दिवसांत खवट लागतं. वडीला जाड पोहेच हवेत. पातळ ओट्स ओल लागली की लापशी होतात.

गूळ शुक्रवारच्या बाजारातला. काळेभोर, पिरॅमिडसारखे निमुळते ढेकूळ. रेंदेर, म्हणजे माडी काढणारा, माडाच्या फुलोऱ्यातून सूर (गोड रस) उतरवतो, ती आंबायच्या आत कढवून हा गूळ होतो. धुराचा वास आणि मागे किंचित खारटपणा. उसाच्या गुळाला ही चव नाही. फसवणूकही होते. साखर घातलेला ढेकूळ तोडला की आत कणीदार चकाकतो आणि जिभेवर नुसता गोड लागतो. आणि कुठलाही असो, पाण्यात विरघळवून गाळून घ्यावा. माझ्या गाळणीत चमचाभर रेती आणि एक काडी उरली.

गूळ-तेल उकळून ओट्सवर ओतलं, थापलं, १७० अंशांवर २५ मिनिटं. वास असा की शेजारच्या आंटी कुंपणापाशी आल्या. गरम असतानाच कापायला गेलो, निम्म्या वड्या मोडल्या. उरलेल्या गार झाल्यावर कडांना अशा कडक झाल्या की आईने दाताला हात लावून नकार दिला. मुलांनी मात्र रात्रीपर्यंत ताट चाटूनपुसून ठेवलं.

१४ एप्रिल

रात्री हिशेब केला, तो इथे लिहून ठेवतो, कारण सगळा प्रकल्प यानंतर बदलला. २०० ग्रॅम गुळाच्या १६ वड्या, म्हणजे वडीला साडेबारा ग्रॅम. दोन वड्या खाल्ल्या की २५ ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेचं २०१५ चं मार्गदर्शन असं आहे की वरून घातलेली साखर दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली असावी आणि ५ टक्क्यांखाली आली तर अधिक बरं. हे ५ टक्के मोठ्या माणसाला दिवसाला साधारण २५ ग्रॅम होतात. त्यात गूळ येतो, मध येतो, फळांचा रससुद्धा येतो. सबंध फळातली साखर तेवढी येत नाही.

म्हणजे धाकट्याने काल दोन वड्यांत मोठ्या माणसाचा दिवस संपवला आणि चार खाल्ल्या.

आई म्हणाली, “आमचे डॉक्टर हेच सांगतात. गूळ काळा आहे म्हणून रक्ताला दिसत नाही असं नाही.” गुळात थोडं लोह, थोडी खनिजं असतात खरी, पण ती मिळावीत म्हणून गूळ खाणं म्हणजे काजूच्या सालीसाठी फेणी पिण्यासारखं आहे. पांढरी साखर नको ही अट खोडली. नवी अट : वडीला वरची साखर पाच ग्रॅमच्या आत.

२० एप्रिल, घाणा २

गूळ १०० ग्रॅम, म्हणजे निम्मा, बाकी सगळं तेच. चव उत्तम. वडी एकही झाली नाही. सुरी लावली की भुगा.

संध्याकाळी ईस्टरचं भेटायला आंटींकडे गेलो, तेव्हा भुगा वाटीत घेऊन गेलो. त्यांनी चिमूट तोंडात टाकली आणि म्हणाल्या, “चव आहे रे, पण धरणार कोण?” चाळीस वर्षं दोस आणि बोलिन्या ही गोव्याची नारळाची गोडं करणाऱ्या बाईने दोन शब्दांत माझं दुखणं सांगितलं. मी गूळ गोडीसाठी घालत होतो. वडीत तो चिकटायचं काम करतो. चिक्की करणाऱ्याला हे ठाऊक असतं. तो पाक पाण्यात टाकून बघतो, मऊ गोळी झाली तर चिवट वडी, खळकन मोडला तर कुरकुरीत. मऊ गोळी साधारण ११५ अंशांना होते, मोडणारा पाक १४५ च्या वर. माझ्या कडांना नेमकं तेच झालं होतं, ताटाच्या कडेला पाक जास्त शिजला.

गोड कमी केलं की डिंकही कमी होतो. तेव्हा आता शोध गोडाचा नाही, धरणाऱ्या वस्तूचा.

आंटींच्या आणखी दोन गोष्टी. ताटात मिश्रण वाटीच्या बुडाने “कोणावर राग असेल तो काढून” दाबायचं. आणि पूर्ण गार होईपर्यंत सुरी लावायची नाही, दोन तास तरी.

(भुगा दह्यावर घालून चार दिवस नाश्ता झाला. थोरली त्याला ग्रॅनोला म्हणते आणि मैत्रिणींना तो मुद्दाम केला असं सांगते.)

२७ एप्रिल, घाणा ३

मऊ काळा खजूर २०० ग्रॅम, गरम पाण्यात भिजवून वाटला. गूळ शून्य. वडी धरली! पण चिकट, जड आणि खजुराशिवाय दुसरी चव नाही. शिवाय खजुरातही शंभराला पासष्ट-सत्तर ग्रॅम साखरच असते. वाटलेला खजूर वरच्या साखरेत धरायचा की सबंध फळात, यावर भांडत बसण्यापेक्षा मी तो वेगळ्या रकान्यात मोजतो.

मोठी तक्रार डब्यातून आली. खोबरेल २४ अंशांच्या आसपास वितळतं. फ्रीजमध्ये वडी विटेसारखी, शाळेच्या दप्तरात तेत्तीस अंशांत तेलकट. थोरलीच्या वहीवर भूगोलाच्या नकाशात एक नवा समुद्र झालाय.

४ मे, घाणा ४

खोबरेल निम्मं केलं आणि उरलेल्या जागी भाजलेल्या काजूचं वाटण. काजू भाजून मिक्सरमध्ये फिरवत राहिलं की आधी पीठ होतं, मग गोळा, मग अचानक सैल पडून तेल सोडतो. तिथवर धीर धरायचा, मधे पाणी घालायचं नाही. हे काजूचं लोणी उन्हात पाझरत नाही आणि धरतंही.

दुसरी धरणारी वस्तू जवस. दोन चमचे पूड सहा चमचे पाण्यात दहा मिनिटं ठेवली की अंड्याच्या पांढऱ्यासारखी बुळबुळीत होते. अंडं घातलं असतं तर सोपं होतं, पण आई सोमवार आणि गुरुवार पाळते आणि त्या दिवसांसाठी वेगळा डबा कोण सांभाळणार.

या वेळी ओट्स आधी कढईत आठ मिनिटं कोरडे भाजले. हे पहिल्यापासून करायला हवं होतं. न भाजलेल्या ओट्सला ओल्या पुठ्ठ्याचा वास असतो, भाजले की शेंगदाण्याच्या वाटेने जातात.

बहीण नऊ महिन्यांच्या बाळाला घेऊन सुट्टीला आली आहे. मध वापरून बघायचा विचार होता, तो सोडला. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देत नाहीत. त्यात बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात आणि ओव्हनमध्ये वडीचं पोट शंभर अंशांपलीकडे तापत नाही, तेवढ्याने ते मरत नाहीत. घरात वडी ठेवली की ती बाळाच्या हातात जाणारच.

९ मे, शुक्रवार

बाजार. मोयराची केळी लटकलेली दिसली आणि उजेड पडला. ही केळी मोठी, जाड सालीची, आतून घट्ट. २०२१ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. गोव्यात त्यांचा हलवा करतात, आणि का करतात ते फोडल्यावर कळतं. रसबाळी केळ्यासारखं पाणी सुटत नाही. काळे ठिपके पडेपर्यंत थांबलं की आतल्या पिठाची साखर झालेली असते, आणि उरलेलं पीठ भाजताना वडीला धरतं. म्हणजे गोड आणि डिंक दोन्ही एकाच सालीत. दर विचारून अर्धा उत्साह गेला, तरी चार घेतली.

११ मे, घाणा ५

मोयराचं केळं २०० ग्रॅम कुस्करून, खजूर १५०, गूळ ६०, जवस, काजूचं वाटण. १६० अंश, ३५ मिनिटं. दाबलं, दोन तास थांबलो (हे सर्वांत कठीण), कापलं.

सोळा वड्या, सोळाही अख्ख्या. घरात टाळ्या. ओव्हनचा मागचा उजवा कोपरा जास्त तापतो, तिथली एक जळकी निघाली. इथून पुढे निम्म्या वेळेला ताट फिरवायचं.

१८ मे, घाणा ६

सालदाटी जातीची केळी घालून बघितली, कारण मोयराची दर आठवड्याला परवडणार नाहीत. ओल जास्त, दहा मिनिटं जास्त भाजावं लागलं. चालतं.

२५ मे

आज मान्सून गोव्यात पोचल्याचं जाहीर झालं, तरी आठवडाभर धो धो चालूच होता. आईने मानकुराद आंब्याचं साट (आंबापोळी) घातलं होतं, साखर न घालता, फक्त रस ताटात पसरून. माझा बेत असा की साटाचे बारीक तुकडे वडीत घालायचे, गूळ आणखी उतरेल. दोन ताटं वाळली, तिसऱ्या थराला पाऊस लागला आणि बुरशी आली. गच्चीवरून ताटं खाली आणताना आई जे बोलली ते वहीत लिहिण्यासारखं नाही.

वाळलेलं होतं त्यातलं थोडं घाणा ७ मध्ये घातलं. ओव्हनमध्ये साट चामड्यासारखं होतं आणि दाताला चिकटतं. ते भाजून झाल्यावर वरून दाबायला हवं. पुढच्या मे महिन्यात.

१५ जून

पावसाने सगळं बिघडवलं. गूळ आणि केळं हवेतलं पाणी ओढतात. सकाळी कुरकुरीत असलेली वडी संध्याकाळी मऊ. स्टीलच्या डब्यात बाहेर ठेवलेल्या घाणा ८ वर सहाव्या दिवशी पांढरी ठिपकी दिसली, सगळा टाकला. उन्हाळ्यात आठ दिवस बाहेर टिकली म्हणून पावसातही टिकेल असं मी धरून चाललो होतो. आता एकेक वडी बटर पेपरमध्ये गुंडाळून फ्रीझरमध्ये. सकाळी डब्यात टाकली की मधल्या सुट्टीपर्यंत सुटते. बाहेर दोनच दिवसांचा साठा.

आईला हे सगळं हास्यास्पद वाटतं. तिच्या लहानपणी पावसाळ्यात पिनाग असायचं : उकडा तांदूळ काळसर होईतो भाजायचा, दळायचा, त्यात गूळ आणि खोबरं घालून मुठीत वळायचं. ना ओव्हन ना केळं. “तांदूळ भाजलेला, खोबरं भाजलेलं, पाण्याचा थेंब नाही. बुरशी कशावर बसेल?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्या वडीत पाणी आहे, केळ्याचं. तेच धरतं आणि तेच नासवतं.

२४ जून, सांजाव (सेंट जॉनचा सण)

ताट ओव्हनमध्ये, दहाव्या मिनिटाला लाईट गेली, रात्री नऊला आली. बाहेर पोरं डोक्यावर कोपेल (फुलापानांचा मुकुट) घालून विहिरीत उड्या मारत होती आणि मी टॉर्च घेऊन कच्च्या वड्यांकडे बघत होतो. मिश्रण तव्यावर लहान थालीपिठांसारखं थापून भाजलं. वाईट नाही. घाणा ९ म्हणून मोजत नाही.

६ जुलै, आषाढी एकादशी

“ओट्स उपासाला चालतात का?” धाकट्याने विचारलं. आईच्या मते जे आजीला माहीत नव्हतं ते उपासाला चालत नाही. मग बटाटा कसा चालतो, हे मी विचारलं नाही.

तिच्यासाठी राजगिऱ्याच्या लाह्या, शेंगदाण्याचं वाटण आणि खजूर, ओव्हनशिवाय थापून फ्रीजमध्ये. लाह्या इतक्या हलक्या की निम्म्या खजुरात धरल्या गेल्या. खाल्ल्यावर दोन तासांनी आईने साखर तपासली, नेहमीपेक्षा थोडी वर आली. एका वेळच्या आकड्यावरून मी काही ठरवत नाही, पण अर्धी वडी हा तिचा वाटा आता पक्का केला, ओट्सच्या वडीचाही.

२७ जुलै, घाणा १०

सलग तिसरा रविवार तेच माप वापरलं आणि तेच आलं, म्हणून हे शेवटचं माप समजतो.

जाड ओट्स २५० ग्रॅम, भाजलेले. काजूचा तुकडा ५० ग्रॅम भाजून, ३० ग्रॅमचं वाटण वेगळं. तीळ ४०. सुकं खोबरं किसून भाजलेलं ४० (ताजी सोय, म्हणजे ओल्या नारळाचा कीस, नको, दुसऱ्या दिवशी वास येतो). खजूर १५०, केळं २००, गाळलेला माडाचा गूळ ६०, खोबरेल ३० मिलि, जवसाची पूड दोन चमचे पाण्यात. मीठ, आणि जायफळ नखभर. दालचिनी घातली की मुलांना ती केक वाटते आणि दोन जास्त खातात, म्हणून जायफळ. ओलं सगळं मिक्सरमधून एकजीव करून कोरड्यावर ओतायचं, वीस मिनिटं झाकून ठेवायचं म्हणजे ओट्स पाणी पितात. वीस सेंटीमीटरच्या चौकोनी ताटात राग काढत दाबायचं. १६० अंश, ४० मिनिटं, मधे एकदा फिरवून. पावसात शेवटी दार किंचित उघडं ठेवून १२० वर आणखी दहा मिनिटं.

सोळा वड्या, गुळाची साखर वडीला चार ग्रॅमच्या आत. खजुराची सहा ग्रॅम वेगळ्या रकान्यात.

हिने रात्री विचारलं की मग कोलेस्टेरॉल उतरणार का. ओट्समधल्या बीटा-ग्लुकान या विरघळणाऱ्या तंतूची तशी ख्याती आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ मध्ये त्याने हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो असा दावा छापायला परवानगी दिली, पण दिवसाला ३ ग्रॅमच्या अटीवर. ओट्समध्ये ते साधारण चार टक्के असतं. म्हणजे माझ्या अख्ख्या ताटात १० ग्रॅम, वडीत जेमतेम ०.६. तीन ग्रॅम व्हायला पाच वड्या. “मग सकाळी लापशीच खा,” ती म्हणाली. वडीचं काम मधल्या सुट्टीला दुकानाकडे पाय वळू न देण्याचं आहे, ते ती करते.

२४ ऑगस्ट, रविवार

चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तीन दिवसांवर. माटोळीसाठी (गणपतीवर टांगायच्या फळांच्या चौकटीसाठी) फळं यायला लागली आहेत, त्यात मोयराचा एक घड आहे आणि त्याला हात लावायला मला बंदी आहे. ओव्हन पुसून कोपऱ्यात सरकवला, चौकोनी ताट नेवऱ्यांच्या (करंज्यांच्या) सारणासाठी गेलं. फ्रीझरमध्ये घाणा ११ च्या सात वड्या.

आईने परवा उकडा तांदूळ भाजून डबाभर पीठ करून ठेवलंय. विचारलं, तर म्हणाली असंच. घाणा १२ मध्ये केळं निम्मं करून त्यातलं पन्नास ग्रॅम घालायचं, चवथीचे पाहुणे गेल्यावर.